उंबऱ्यातले पाच खिळे

दमयंतीचा अंगठा उंबऱ्यातल्या खिळ्याला ठेचकाळला, रक्त आलं आणि ती मटकन खाली बसली. एवढंच झालं. मी बाहेरच्या पायरीवर घमेल्यात चुना कालवत होतो. तिनं पदराचं टोक अंगठ्यावर दाबून धरलं आणि दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "अहो, हे खिळे इथं कशाला मारलेत?" मी म्हणालो, "उंबरा तडकला होता." चुन्यात पाणी जास्त पडलं. ती म्हणाली, "तडा तर कुठं दिसत नाही." मी म्हणालो, "खिळे मारले म्हणून दिसत नाही." हे उत्तर मला त्या घटकेला फार चोख वाटलं. शाळेत गणित शिकवताना पोरांनी अडचणीचं काही विचारलं की अशी उत्तरं मला आपसूक सुचतात, आणि पोरं गप्प बसतात, कारण मास्तरांचा हात जड आहे हे त्यांना ठाऊक असतं. दमयंती गप्प बसली असं म्हणता येणार नाही. ती नुसती उठली. सहाव्या महिन्याचं अंग सावरत, एक हात चौकटीला लावून उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली. ओलांडताना तिनं खाली पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच. तिचे ओठ हलले नाहीत, पण मनात मोजणारं माणूस मला लांबूनही ओळखू येतं.

अक्षय्यतृतीया दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी पारनेरचे नृसिंहराव आणि त्यांची विधवा बहीण घर शेवटचं पाहायला येणार होते, आणि मनास आलं तर विसार देऊनच जाणार होते. घर म्हणजे काही राजवाडा नव्हे. नगरात तोफखाना भागात तीन खोल्या, वर पत्रे, मागं न्हाणी, परसात एक शेवगा. मागच्या महिन्यात ती दोघं एकदा येऊन गेली तेव्हा सगळा वेळ मी खिळे पायाखाली दाबून उंबऱ्यावर उभा होतो. बहीण म्हणाली, "मास्तर, उंबऱ्यावर उभं राहू नये. घरात भांडणं लागतात." मी म्हणालो, "आमच्यात भांडणं नाहीत," आणि हललो नाही. बिचारीला अंग चोरून कडेनं आत जावं लागलं. नृसिंहराव माझ्याकडं खुळ्याकडं पाहावं तसे पाहत होते, पण मास्तर लोक थोडे चक्रम असतात हे जगानं मान्यच केलेलं आहे. परवा मात्र हे सोंग चालणार नव्हतं. त्या बाईनं एकदा खाली पाहिलं की कारभार आटोपला. आमच्या मुलखातल्या कुठल्याही जाणत्या बाईला उंबऱ्यातले खिळे वाचता येतात. बाळंतीण किंवा पोटुशी बाई मेली तर ती घराकडं परत येते म्हणतात. म्हणून तिला नेताना मागं रस्ताभर राळ्याचे दाणे टाकतात, ते वेचता वेचता तिची रात्र सरावी. आणि वेचून आलीच तर आत पाऊल टाकता येऊ नये म्हणून उंबऱ्यात लोखंड ठोकतात. तापानं गेलेल्या बाईला कोणी खिळे मारत नाही. आणि माझी पहिली बायको लीना विषमज्वरानं गेली, असं मी दमयंतीला मागणी घालायला कोल्हारला गेलो तेव्हा तिच्या भावाला सांगितलं होतं. एकवीस दिवसांचा ताप, डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, वगैरे.

घर विकायचं कारण विचारलं की मी पुण्याच्या शाळेतली नोकरी सांगत असे. नोकरी होती, तेवढं खोटं नव्हतं. पण खरं कारण दमयंतीचा सातवा महिना. दोन वर्षांत मी तिच्यावर हात टाकला नव्हता. याचा मला अभिमान होता, दारू सोडलेल्या माणसाला असतो तसला. पण तिचं पोट दिसायला लागलं तसं माझ्या उजव्या पायात काहीतरी जागं व्हायला लागलं. ती केर काढत वाकून समोरून गेली की पोटरीतली शीर ताठ व्हायची, आणि मी पाय मुडपून त्याच्यावर बसायचो. कधी कधी तासभर बसायचो. पायाला मुंग्या येऊन तो मेला की बरं वाटायचं. ती म्हणायची, "असं काय बसता बायकांसारखं?" आणि मला तिचा गळा दाबावासा वाटायचा, आणि मी म्हणायचो, "सवय आहे." या घरात तिला सातवा लागू द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं. दोष घराचा आहे असं मी स्वतःला पटवलं होतं. भिंती बदलल्या की माणूस बदलेल, पुण्याला मी निराळा असेन, तिथं माझा पाय नुसता पाय असेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला हिशेब नाही.

डागडुजी मी माझ्या हातानं करतोय याचं आळीला हसू येत होतं. "काय मास्तर, आता करणी धरायची का?" असं जो तो विचारून जायचा. सुतार किंवा गवंडी बोलावला असता तर त्यानं आधी उंबरा पाहिला असता, मग माझ्याकडं पाहिलं असतं, आणि दिवस मावळायच्या आत पारनेरपर्यंत बातमी गेली असती. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागल्याबरोबर मी चुना, नीळ, डिंक आणला, एक हातोडी आणि थापी आणली, धोतर खोचलं आणि कामाला लागलो. आणि लागल्यावर पहिल्या दिवशीच एक गोष्ट ध्यानात आली ती अशी की घर बांधून पुरती पंधरा वर्षंही झालेली नव्हती. ऊन-पावसानं त्याचं फारसं काही बिघडवलेलं नव्हतं. जिथं जिथं म्हणून भिंत फुटली होती, लाकूड पिचलं होतं, फरशी उडाली होती, तिथं तिथं मी काहीतरी फेकलेलं होतं किंवा कुणाला तरी आपटलेलं होतं. स्वयंपाकघरातली टवका उडालेली फरशी म्हणजे वरवंटा. कोनाड्याची फुटलेली कड म्हणजे लीनाचं कपाळ. मी चुन्याचं घमेलं घेऊन एकेका जागी जायचो आणि दिवस आठवायचो, वार, तिथी, कशावरून ते. कशावरून ते बहुतेक ठिकाणी आठवायचं नाही. हात तेवढा आठवायचा.

मधल्या खोलीत भिंतीला छातीच्या उंचीवर एक फुगवटा होता. मी तो थापीच्या टोकानं खरवडायला घेतला आणि सगळी खपलीच खाली आली, आणि आत भाकरीएवढा खळगा दिसला. तो पितळी तांब्याचा होता. तांब्या लीनाच्या कानाला चाटून गेला होता. पण तो बुजवला कुणी? मी तर कधी बुजवला नव्हता. मी खाली पडलेली खपली उचलून उलटी केली, मग खळग्यात पाहिलं. आतल्या चुन्याच्या थरावर चार बोटं उमटली होती. थापी नव्हती म्हणून तिनं बोटांनी चुना आत दाबला होता. मी माझी बोटं त्या खुणांत घालून पाहिली. ती मावली नाहीत. तेव्हा मला असा संताप आला, तो कशाचा आला सांगता येत नाही. मी हातोडी घेतली आणि त्या चार बोटांवर हाणायला सुरुवात केली. चुना उडून डोळ्यांत गेला. लाल वीट दिसेपर्यंत हाणत राहिलो, मग विटेवर हाणलं. दमयंती आतून म्हणाली, "अहो, भिंत पाडायची आहे की नीट करायची आहे?" मी थांबलो. भाकरीएवढ्या खळग्याचं आता परातीएवढं भगदाड झालं होतं. ते बुजवायला मला अख्खा दिवस लागला आणि वाळल्यावर पुन्हा भेग पडली. मोडायला हुन्नर लागत नाही, ते मला जन्मजात येतं. सांधायचं काम मात्र येत नाही ते नाहीच.

लीनाला यायचं. तिचं माहेरचं नाव रंगू. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीनं मी लीना लिहिलं, कारण तेव्हा मला वाटायचं की आपण फार पुढारलेले आहोत. तिचे वडील भंडारदऱ्याच्या धरणावर भांडारात कारकून होते. ती गवंडी, फिटर, सुतार यांच्यात वाढलेली. चुना किती दिवस भिजवायचा, खिळा मारायच्या आधी त्याला साबण का लावायचा, बिजागरीत तेल कुठून सोडायचं हे तिला पोळ्या लाटण्याइतकं सहज यायचं. मी मोडायचं आणि तिनं सांधायचं अशी आमची पाच वर्षं गेली. मी शाळेतून घरी यायचो तो काल फोडलेलं आज जागेवर असायचं, त्यावर चुन्याचं बोट फिरवलेलं असायचं आणि ती एक शब्द बोलायची नाही. रडली असती, माहेरी निघून गेली असती, शेजाऱ्यांना बोलावलं असतं तर बरं झालं असतं. हे गुपचूप बुजवणं मला सहन व्हायचं नाही. तिनं बुजवलेली प्रत्येक जागा मला ओरडून सांगायची की बघ, तू जनावर आहेस आणि मी तुझी घाण काढते आहे. म्हणून मी तिथंच पुन्हा मारायचो. एकदा तर पाट फोडला, तिनं तो पट्टी मारून जोडला, आणि त्याच जोडलेल्या पाटानं मी तिच्या पाठीत मारलं. पट्टी हलली नाही. तिचं काम पक्कं असायचं.

उंबऱ्यातले खिळे काढायला माझ्या हातोडीची मागची नखं पुरेनात. ते साधे खिळे नव्हते, घोड्याच्या नालेचे, चौकोनी डोक्याचे. तेव्हा ऐन लढाईचे दिवस होते आणि नगरात लोखंडी खिळा औषधालासुद्धा मिळत नव्हता. ते आळीच्या कोपऱ्यावरच्या लालमहंमद नालबंदानं दिले होते. छावणीतल्या घोड्यांचं काम त्याच्याकडं असायचं. आता ते काढायलाही त्याच्याकडंच जाणं आलं. दुपारी दमयंती शेजारी कुरडया घालायला गेली तसा मी चपला घालून निघालो. तो एका तट्टाचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होता. मी म्हणालो, "लालमहंमद, जरा पकड हवी होती, मोठी. तासाभरात परत देतो." त्यानं मान वर केली नाही. "कशाला पायजे, मास्तर?" "घराची किरकोळ कामं चाललीत." त्यानं तट्टाचा पाय सोडला, पाठ सरळ केली आणि माझ्या चुन्यानं भरलेल्या हातांकडं पाहिलं. "त्ये काडू नका. छबूबाई सुईणीनं ठोकल्यात त्ये. मी तिला म्हनलं हुतं, आमच्यात हे न्हाई, पन वैनीसाटी नेतीयास तर ने." मी म्हणालो, "घर विकायचंय." मग पेटीतनं पकड काढून त्यानं माझ्या हातात दिली. पकड उन्हानं तापली होती. तो म्हणाला, "मास्तर, एक सांगू का. त्या दिसापास्नं मी कुनाच्या बायामानसांशी हसून बोललो न्हाई. घरात भावजय हाय, तिच्याशी बी न्हाई." मी पकड घेऊन चालू लागलो. हा माणूस हे मला का सांगतो आहे, याला किती माहीत आहे, ही पकड याच्याच टाळक्यात घालावी, असे तीन विचार कोपऱ्यापासून माझ्या दारापर्यंत आले.

त्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, सकाळी मी दाराला लाथ मारली होती आणि कडी निखळून पडली होती. लाथ कशावरून मारली ते नेहमीप्रमाणं आठवत नाही. संध्याकाळी शाळेतून येताना लांबूनच पाहिलं तर लीना दारात गुडघ्यावर बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, तोंडात ठोकून सरळ केलेले दोन जुने खिळे धरलेले आणि हातात बत्ता. ती कडी बसवत होती. सातवा महिना होता, पोट मांडीला टेकत होतं. लालमहंमद घोडा घेऊन समोरून चालला होता. तो थांबून म्हणाला, "वैनी, सुताराला मागं टाकाल तुमी." आणि लीना हसली. तोंडात खिळे धरून हसली, त्यामुळं नुसते डोळे हसले. पाच वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मला वाटलं, अख्ख्या आळीला आता कळलं की मास्तर मोडतो आणि मास्तरीण जोडते. मी तिला आत ये म्हणालो. दार लावलं. तिनं बसवलेली कडी घातली, ती नीट बसली. तिनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाली, "अहो, बसा, चहा करते," आणि वळली. मी लाथ मारली. एकच मारली. हे मी पुढं सगळ्यांना मनातल्या मनात फार वेळा सांगितलं आहे की एकच मारली. ती कोनाड्याच्या कडेवर गेली आणि मग खाली बसली, दोन्ही हात पोटाखाली धरून, जणू काही सांडतंय ते अडवायचं आहे.

डॉक्टरांना मी न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगितलं. दोन दिवस रक्त थांबलं नाही. छबूबाई सुईण उशाशी बसून होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं लुगडं बदलताना लीनाच्या कमरेवरची खूण पाहिली होती, पाच बोटांची नव्हे, टाचेची. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही जीव गेले. लीना शेवटपर्यंत काही बोलली नाही. एकदाच तिनं शुद्धीत येऊन दाराकडं पाहिलं आणि "कडीला तेल सोडायचं राहिलं" असं काहीसं म्हणाली, का मला तसं ऐकू आलं. तिला उचलली तेव्हा छबूबाई मागं राळे टाकत वेशीपर्यंत गेली, परत आली, मी स्मशानातून घरात आल्यावर उंबऱ्याशी फतकल मारून बसली आणि खिळे ठोकायला लागली. मी आत उभा होतो, ती बाहेर. पाचवा ठोकताना तिनं हात थांबवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "मास्तर, हितनं कोन आत येऊ नये आन कोन बाहेर जाऊ नये, ते माझं मला ठावं हाय." आणि मग सबंध अंगाचा भार घालून घाव घातला. पुढच्या वर्षी पटकीत तीही गेली, आणि मला हलकं वाटलं होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

तर मी उंबऱ्याच्या आत बसलो, उजवा पाय मुडपून अंगाखाली घेतला आणि पकडीनं पहिल्या खिळ्याचं डोकं धरलं. उंबरा सागाचा होता, त्यानं लोखंड तीन वर्षं गच्च आवळून धरलं होतं. खिळा हलला तेव्हा असा आवाज आला की माझ्या दाढा शिवशिवल्या. पहिला निघाला. त्याच्या अंगावर तांबूस गंज होता आणि तो मी बोटानं पुसला नाही. दुसरा निघाला. तिसरा वाकडा होऊन निघाला. कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता, चुन्यानं हात फुटले होते, आणि मला असं वाटत होतं की पाठीमागं मधल्या खोलीत कोणीतरी उभं आहे आणि माझं काम पाहतं आहे, असं धरू नका, पिळा द्या आधी, असं सांगायला उतावीळ झालं आहे. मी मागं पाहिलं नाही. चौथा निघाला. मी ते चारही डब्याच्या झाकणात ठेवले. बाहेर ऊन रखरखत होतं आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भोकं मेणानं बुजवायची, वर दमयंतीकडून हळदीकुंकवाची बोटं ओढून घ्यायची, असं मी ठरवलं होतं. लक्ष्मीचा उंबरा म्हणून ती पारनेरची बाई त्याला नमस्कार करील. झाकली मूठ सवा लाखाची. पाचव्याचं डोकं मी पकडीत धरलं, पिळा दिला, सगळा जोर लावला आणि डोकं टक्कन तुटून माझ्या छातीवर आलं. टोक आत राहिलं.

मी हातोडी घेतली. त्या तुटक्या टोकाच्या भोवती लाकूड फोडून काढायचं असा काहीतरी विचार होता, पण तो पहिल्या घावापुरता. मग मी नुसताच हाणत सुटलो. उंबऱ्याला हाणलं, चौकटीला हाणलं, पुन्हा उंबऱ्याला. माझ्या तोंडातून शिव्या येत होत्या, लीनाला, छबूबाईला, त्या हसणाऱ्या नालबंदाला, त्याच्या घोड्यांना. सागाची ढलपी उडून माझ्या गालाला लागली आणि त्या जखमेचंसुद्धा बरं वाटलं. आता उंबऱ्याला खरोखरच तडा गेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी मी सांगितलेलं खोटं दुपारी खरं झालं होतं.

मान वर केली तेव्हा दमयंती बाहेर पायरीवर उभी होती. तिच्या हातात वाटी होती, वाटीत कुरडयांचा चीक. शेजारणीनं माझ्यासाठी दिला असावा. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिच्या अंगठ्याला फडक्याची चिंधी बांधलेली होती.

"काढले?" ती म्हणाली.

"नृसिंहरावांच्या बहिणीला लागतील म्हणून. तुला लागलाच ना."

तिनं वाटी पायरीवर ठेवली, चौकटीला धरून कष्टानं वाकली आणि झाकणातला एक खिळा उचलला. तो तिनं उलटासुलटा करून पाहिला. "हे नालेचे खिळे आहेत. तडा सांधायला कोणी नालेचे खिळे मारत नाही."

"लढाईत दुसरे मिळत नव्हते," मी म्हणालो. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

"आमच्या कोल्हारात घाटाकडं एका घराच्या उंबऱ्यात असेच आहेत. मी लहानपणी आईला विचारलं होतं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता." तिनं खिळा परत झाकणात ठेवला, आवाज न करता. "ताप किती दिवस होता त्यांना?"

"एकवीस. सांगितलंय तुझ्या भावाला. आत ये, ऊन लागतंय."

"आणि महिना कितवा होता?"

प्रश्न सरळ होता. मी जन्मभर पोरांना सांगत आलो की सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं. "सातवा," मी म्हणालो. तोंडातून निघून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

तिचे दोन्ही हात आपोआप पोटाखाली गेले आणि तिथं धरलेले राहिले. अगदी तसेच. त्या हातांकडं पाहिलं आणि माझ्या अंगाखालचा मुंग्या आलेला पाय जागा झाला. मी उठलो. हातोडी हातातच होती. "आत ये म्हणतोय ना." ती हलली नाही. "दमयंती, आत ये. लोक बघतील." रस्त्यावर कोणी नव्हतं. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर ती, मध्ये एका हाताचं अंतर. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं आणि एक पायरी मागं उतरली. ती एक पायरी मला सोसली नाही. मी लाथ मारली. ती दाराच्या फळीला लागली, फळी भिंतीवर आदळली, परत आली, कडी खणखणली. निखळली नाही. दोन क्षण ती हलत राहिली आणि मग थांबली. दमयंती माझ्या सांगण्याप्रमाणं आत आली असती तर ती फळीच्या जागी असती. लाथ कुठं लागली असती ते मी पाहिलं आणि तिनंही पाहिलं.

मग ती वाकली, या वेळी चौकटीचा आधार न घेता, आणि उंबऱ्याबाहेर पडलेली पकड उचलून घेतली. "ही लालमहंमदभाईंची आहे ना? मी जाता जाता देते. कोल्हारची गाडी साडेचारला असते." मी म्हणालो, "चूक झाली. पुण्याला असं होणार नाही, दमयंती. घराचा दोष आहे हा." ती म्हणाली, "तुमचा ट्रंकेतला सदरा इस्त्री करून ठेवलाय. परवा घाला," आणि चालू लागली. अंगावरचं नेसतं लुगडं, हातात पकड, अंगठ्याला चिंधी, त्यामुळं किंचित लंगडत. कोपऱ्यावर लालमहंमद उभा राहिलेला मला दिसला. त्यानं तिच्या हातातून पकड घेतली, मान खाली घालून काही ऐकलं आणि टांग्याला हाक मारायला धावत गेला. माझ्याकडं दोघांनीही पाहिलं नाही.

तिला आणायला जावं असं मला मनापासून वाटलं. तिच्या पाया पडावं, निदान वाटखर्चीचे चार आणे तरी तिच्या हातावर ठेवावेत. मी हातोडी टाकून दिली आणि उजवा पाय उंबऱ्यावरून पलीकडं टाकायला उचलला. तीन वर्षं हाच पाय पाच खिळ्यांवरून रोज गेला-आला होता, आज तो उचलला गेला आणि तिथंच राहिला. पुन्हा उचलला. टांगा निघाल्याचा आवाज आला, घोड्याच्या नवीन नाला दगडावर वाजत गेल्या. पायरीवर वाटीतल्या चिकावर माश्या बसत होत्या आणि हात लांब केला तर वाटी मिळाली असती, पण हातही बाहेर जाईना. झाकणात चार खिळे होते, उंबऱ्यात चार भोकं होती. पाचव्याचं तुटकं टोक तेवढं लाकडात खोल राहिलं होतं, वरून दिसतही नव्हतं. मला अडवायला तेवढं पुरलं.